गल्लीत मावेल तोच हत्ती

चिकपेटमधल्या साड्यांच्या एका घाऊक दुकानामागे रोज सकाळी एक 'छोटा हत्ती' उभा असतो. त्याचे मालक साठीतले मराठी गृहस्थ. घरात त्यांना अप्पा म्हणतात. मालवाहू गाड्यांचे भारी शौकीन! बजाज टेम्पोची मॅटाडोर, १९८६ ची टाटा ४०७, २००५ साली आलेली टाटा एस, म्हणजे हाच छोटा हत्ती. सगळ्यांच्या कुंडल्या त्यांना तोंडपाठ.

आता ही गाडी थकली आहे आणि घरात वाद पेटला आहे. मुलगा म्हणतो, "अप्पा, मोठी पिकअप घेऊ. बोलेरो दोन टनांपर्यंत माल नेते. दोन-तीन खेपांचं काम एकीत होईल."

हिशेब चुकीचा नाही. पण मोठ्या गाड्यांच्या नादात कंपन्या लहान गाडी बंदच करतील, ही अप्पांची धास्ती. चिकपेटच्या गल्ल्या थोड्याच रुंद होणार आहेत? कानडीत 'चिक्क' म्हणजेच लहान! गाडी बाहेर अव्हेन्यू रोडवर थांबवली, तर गठ्ठे आत आणणाऱ्या हमालाची मजुरी कोण देणार?

२०२५ मध्ये टाटांनी एस प्रो आणली. ७५० किलो माल नेणारी. पेट्रोल, सीएनजी आणि विजेवरचीही. अप्पांचा चेहरा खुलला. विजेची घ्यावी असं मनात आहे. पण घर दुसऱ्या मजल्यावर, गाडी रस्त्यावर, मग रात्री चार्जिंग करायचं कुठं?

मुलानं अजून होकार दिलेला नाही. गेल्या रविवारी दुकानं उघडण्याआधी दोघं टेप घेऊन गल्ली मोजत होते.