सूरजागडचा डोंगर आणि जगाचा बाजार

वाचकहो, घरात खोचून ठेवलेला विळा हातात घ्या, नाहीतर गोठ्यातली वखराची पास उचलून बघा. ती कोणत्या लोहाराने घडवली हे तुम्हाला ठाऊक असते. त्याने पट्टी कुठल्या दुकानातून आणली, हेही विचारले तर कळेल. पण ते लोखंड मुळात कोणत्या डोंगराच्या पोटातून निघाले, हे सहसा कोणी विचारत नाही. आज आपण अशाच एका डोंगराकडे जाऊ. डोंगर आपल्याच महाराष्ट्रात आहे. त्यातल्या दगडाचा भाव मात्र हजारो मैलांवर ठरतो. तो कसा, ते वाटेत बोलू.

चंद्रपूरहून निघालात की गोंडपिपरीवरून वैनगंगेच्या पुलावर यायचे. पूल ओलांडला की आष्टी गाव आणि गडचिरोली जिल्हा. 26 ऑगस्ट 1982 रोजी हा जिल्हा वेगळा झाला. त्याआधी हा सगळा मुलूख चांदा जिल्ह्यातच होता. आष्टीच्या खाली चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकमेकींना भेटतात आणि तिथून पुढे त्यांना प्राणहिता म्हणतात. आष्टीहून आलापल्ली गाठायची. इथला साग बघायला मान इतकी वर करावी लागते की डोक्यावरची टोपी सांभाळावी लागेल. आलापल्लीहून एटापल्ली, आणि एटापल्लीहून गट्ट्याच्या रस्त्याला लागले की हेडरी आणि सूरजागड. दोन्ही बाजूंना साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबूची बेटे. मधेच उघडीप आली की धानाच्या बांध्या. या बांध्या पश्चिमेकडच्या काळ्या रानासारख्या ऐसपैस नसतात. जंगलात जिथे पाणी थांबेल तिथे माडिया गोंडांनी पिढ्यान्‌पिढ्या धुरे घालून त्या तयार केल्या आहेत.

डोंगर दिसतो तो हिरवा, पण खाली पडलेला एक धोंडा उचला. नेहमीच्या दगडाच्या अंदाजाने हात घातलात तर मनगट खाली ओढले जाईल, इतका तो जड असतो. रंग काळसर तांबडा, आणि घासला तर कुंकवासारखी लाल पूड निघते. याला हेमेटाइट म्हणतात. चांगल्या प्रतीच्या शंभर किलो दगडात साठ किलोहून अधिक लोखंड असते. शंभर किलो धान भरडले की साठ-पासष्ट किलो तांदूळ निघतो, तसाच हा उतारा समजा. या उंची दगडाखाली गारगोटीच्या थरांत गुंतलेले हलके खनिजही पुष्कळ आहे. त्यात लोखंड बरेच कमी. ते दळून, धुऊन वेगळे काढावे लागते.

आता तुम्ही म्हणाल, एवढी संपत्ती इथे पडली होती, तर टाटांचा पोलादाचा कारखाना चांद्याला न होता तिकडे जमशेदपूरला का झाला? प्रश्न रास्त आहे, आणि चांदा जिल्ह्याचे नाव त्या कथेत अगदी सुरुवातीलाच येते. जमशेटजी टाटांनी नागपूरला एम्प्रेस मिल काढली ती 1877 साली. पुढे 1882 मध्ये श्वार्त्झ नावाच्या एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या हाती पडला. चांदा जिल्ह्यात लोहाऱ्याला फार चांगले लोहखनिज आहे, असे त्यात लिहिले होते. जवळच वरोऱ्याला कोळशाची खाण होती. एका जिल्ह्यात लोखंड आणि कोळसा दोन्ही, आणखी काय पाहिजे? टाटांनी नमुने जर्मनीला तपासायला पाठवले. उत्तर आले की खनिज उत्तम, पण कोळसा कामाचा नाही. भट्टीत घालायला जो कोक लागतो, तो वरोऱ्याच्या कोळशापासून होत नव्हता.

बेत वीस वर्षे पडून राहिला. नंतर त्यांचे चिरंजीव दोराबजी पुन्हा चांद्याची रानेही हिंडले. त्या धडपडीत नागपूरच्या संग्रहालयातल्या एका नकाशावर त्यांना दुर्ग जिल्ह्यातले लोखंड दिसले. शेवटी मयूरभंजचे खनिज आणि झरियाचा कोळसा जवळ पडतो म्हणून 1907 नंतर साकचीला कारखाना उभा राहिला. तेच आजचे जमशेदपूर. दुर्गचे लोखंड पुढे भिलाईच्या कारखान्याला गेले. चांद्याचे जागेवरच राहिले.

यातून व्यापाराची पहिली गोष्ट लक्षात येते. नुसता माल असून भागत नाही. त्याचा जोडीदार कुठे आहे आणि मधे रस्ता कसा आहे, यावर त्याची किंमत ठरते. आपल्याकडे संत्र्याचा बगीचा ऐन बहरात असतो आणि ट्रक मिळाला नाही तर झाडाखाली सडा पडतो, तशातलाच हा प्रकार.

मग शंभर वर्षांनी काय बदलले? एक तर स्पंज आयर्नची रीत आली. तिला कोक लागत नाही, साधा कोळसा चालतो. म्हणजे ज्या कारणाने 1882 चा बेत बारगळला, ते कारणच अर्धे निघून गेले. चंद्रपूरजवळ घुग्घुसला असा कारखाना आहे. दुसरे म्हणजे चीनने पोलाद करायला सुरुवात केली ती अशी, की आता जगातले निम्म्याहून अधिक पोलाद एकटा चीन करतो. त्याचे स्वतःचे खनिज हलक्या प्रतीचे. म्हणून जगात जहाजांवर चढणाऱ्या लोहखनिजापैकी तीन चतुर्थांशाच्या आसपास तोच विकत घेतो. विकणारे मुख्यतः दोन, ऑस्ट्रेलिया आणि ब्राझील. ऑस्ट्रेलियात वाळवंटातल्या खाणीपासून बंदरापर्यंत आगगाड्या जातात आणि तिथून लाखा-दोन लाखांहून अधिक टन माल एका जहाजात भरतात. ज्याच्याकडे बंदर जवळ आहे तो स्वस्तात पोचवतो. आपला सूरजागड समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, आणि जिल्ह्यातली जुनी रेल्वे अगदी उत्तर टोकाला वडशाला.

एक मोठा गिऱ्हाईक आणि दोन मोठे विक्रेते असले की भाव त्यांच्या हातात. 2015 च्या अखेरीला खनिजाचा जागतिक भाव टनाला 40 डॉलरच्या खाली गेला होता. 2021 च्या मे महिन्यात तो 200 डॉलरच्या वर चढला आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर 100 च्या खाली आला. मे 2022 मध्ये आपल्या सरकारने देशातल्या कारखान्यांना माल स्वस्त मिळावा म्हणून निर्यातीवरचा कर एकदम वाढवला आणि नोव्हेंबरात पुन्हा उतरवला. कापूस पिकवणाऱ्याला हे नवीन नाही. अमेरिकेत 1861 साली यादवी युद्ध पेटले तेव्हा वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि युद्ध संपताच तो बसला. लढणाऱ्यांना वऱ्हाड कुठे आहे हेही माहीत नसेल.

आपल्या शेजारच्या गोव्याने हा खेळ जवळून पाहिला आहे. साखळी-डिचोलीकडचे खनिज बार्जेसमधून मांडवीने मार्मागोव्याला आणि तिथून आधी जपानला, मग चीनला जाई. माल हलक्या प्रतीचा, पण बंदर दाराशी म्हणून खपला. चीनचा भाव चढला तेव्हा गावोगाव लोकांनी कर्ज काढून ट्रक घेतले. 2012 मध्ये नियमभंगाच्या कारणावरून खाणी बंद झाल्या, आणि काही काळ सुरू होऊन 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्टे रद्द केले. ट्रक दारात उभे आणि हप्ते चालू. खाणीच्या मातीने भरलेली शेते मात्र भाव उतरला म्हणून मोकळी झाली नाहीत.

सूरजागडला 2007 साली सुमारे 348 हेक्टरचा खाणपट्टा लॉइड्स मेटल्स या कंपनीला मिळाला. पण काम सुरू व्हायला वर्षे गेली. 2013 मध्ये कंपनीच्या एका अधिकाऱ्यासह तिघांना नक्षलवाद्यांनी ठार केले. 2016 मध्ये उत्खनन सुरू झाले, तर त्याच वर्षी डिसेंबरात खनिज नेणारी कित्येक डझन वाहने त्यांनी जाळली. 2021 पासून मात्र काम जोरात आहे. 2023 मध्ये वर्षाला एक कोटी टनांची परवानगी मिळाली.

एक कोटी टन म्हणजे किती, याचा हिशेब आपण घरीच करू. वर्षाचे 300 दिवस काम धरा. दिवसाला 33 हजार टन पडले. ट्रकात 25 टन धरा. 1,300 हून अधिक खेपा झाल्या. दिवसाची मिनिटे 1,440. म्हणजे रात्रंदिवस जवळजवळ दर मिनिटाला एक भरलेला ट्रक, आणि तेवढेच रिकामे परत. आलापल्ली-आष्टीच्या रस्त्यावर मुलाला सायकलवर शाळेत पाठवणाऱ्या आईला हा आकडा कोणी समजावून सांगावा लागत नाही. 2025 च्या जुलैत हेडरीपासून आष्टीजवळच्या कोनसरीपर्यंत सुमारे 85 किलोमीटरच्या नळातून खनिजाचा रबडा वाहून नेण्याची सोय सुरू झाली. कोनसरीला स्पंज आयर्नचा कारखाना आहे, पेलेट म्हणजे खनिजाच्या गोळ्या करण्याचाही आहे, आणि पुढे पूर्ण पोलाद करायचे ठरले आहे. माझ्या मते ही बरी गोष्ट. कापसाच्या गाठी बाहेर गेल्या आणि कापड परत विकत घ्यावे लागले, तसे इथे निदान व्हायला नको. पण कारखाना जिल्ह्यात असला की नोकरी आपोआप जिल्ह्यातल्या मुलांना मिळते असे नाही. हुन्नर शिकलेला मुलगा आत काम करतो; न शिकलेला फाटकावर काठी घेऊन उभा राहतो.

सरकारला काय मिळते तेही बघा. लोहखनिजावर स्वामित्वधन 15 टक्के. ते ज्या सरासरी भावावर मोजतात, तो जाहीर करणारे केंद्र सरकारचे खाण खाते नागपूरलाच आहे. समजा टनाचा भाव 5,000 रुपये धरला, तर 750 रुपये राज्याला. शिवाय 2015 च्या कायद्यानुसार जुन्या खाणपट्ट्यांनी स्वामित्वधनाच्या 30 टक्के इतकी वेगळी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरायची असते; म्हणजे आणखी 225 रुपये. हा पैसा खाणीची झळ बसलेल्या गावांच्या पाण्यासाठी, दवाखान्यासाठी, शाळेसाठी आहे. तो कुठे खर्च झाला हे विचारायचा हक्क त्या गावांना आहे.

आता दुसरी बाजू. पावसाळ्यात खोदलेल्या डोंगरावरून लाल गाळ उतरतो आणि पायथ्याच्या बांध्यांत बसतो. तिथल्या शेतकऱ्यांनी तशा तक्रारी केल्या आहेत. रोवणी झालेल्या बांधीत असा गाळ आला तर काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. आणि या डोंगरावर ठाकूरदेव आहे. सुमारे सत्तर गावांच्या पारंपरिक इलाक्याचा तो देव, म्हणून अनेक ग्रामसभांनी खाणीला विरोध नोंदवला. दुसरीकडे रोजगार मिळाला म्हणून खाण हवी म्हणणारेही याच गावांत आहेत. एकाच घरात दोन्ही मते असली तर नवल नाही.

याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) गाव आहे. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 पासून ग्रामसभा आपला बांबू स्वतः विकू लागली. नंतर जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः केले. तेंदूचा भावही इथे ठरत नाही, तो विडीच्या व्यापाऱ्यांवर अवलंबून असतो, आणि एखाद्या वर्षी तो चांगलाच पडतो. पण पुढच्या उन्हाळ्यात झुडपाला पुन्हा पाने येतात आणि गावाला पुन्हा बोलणी करता येतात. लोखंडाचा दगड एकदाच विकला जातो. म्हणून त्याचा सौदा करताना भावापेक्षा अटींकडे जास्त बघायचे असते: डोंगर उकरून झाल्यावर खड्ड्याचे काय, गाळ कोण अडवणार, रस्ता कोणाचा, मुलांना कोणते काम शिकवणार.

सूरजागडला जायचे असेल तर धान घरात आल्यावर, जानेवारीत जावे. त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ठाकूरदेवाची यात्रा भरते आणि लांबलांबच्या गावांहून माडिया लोक पायी येतात. खाणीच्या भागात पहारा असतो आणि कोणालाही आत सोडत नाहीत, तेव्हा एटापल्लीला आधी चौकशी करावी. मुक्कामाला आलापल्ली सोयीची. संध्याकाळी रस्त्याच्या कडेने चालताना अंग राखून चालावे, आणि पांढरे कपडे घालून जाऊ नये. परत येईपर्यंत ते विटकरी होतात.