उत्तर उलटं येऊ द्यावं

सर्वेक्षणाच्या कामात तटस्थ राहा, असं सगळेच सांगतात. पण तटस्थता फक्त आपल्या हातात नसते. समोरचा माणूस आपल्याला आधीच कुठल्या तरी बाजूला बसवून मोकळा झालेला असतो.

मी ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरममध्ये राहते. दौलतराव शिंद्यांनी १८१०च्या सुमारास इथे तळ दिला, त्या तळाचं लष्कर नावाचं शहर झालं आणि मराठी कुटुंबं इथलीच होऊन गेली. त्यामुळे आडनाव सांगितलं की लोक मला महालाच्या, म्हणजे शिंदे घराण्याच्या, खात्यात टाकतात. १९८४ साली ग्वाल्हेर मतदारसंघात काँग्रेसच्या माधवराव शिंद्यांनी अटलबिहारी वाजपेयींना हरवलं, तेव्हा माधवरावांच्या मातोश्री विजयाराजे भाजपमध्ये होत्या. पक्ष कुठलाही असो, महालाचं वजन असतंच, हे इथलं पोरही जाणतं.

एका दलित वस्तीत मी सर्वेक्षण करत असताना एक बाई रेशन, नळ, शाळा यांबद्दल मोकळेपणानं बोलत होत्या. महालाचा प्रश्न आला आणि त्यांनी पदर सारखा केला. ‘सब अच्छा ही है, दीदी.’ पुढे आमच्या सर्वेक्षण गटातली त्याच समाजाची मुलगी गेली, तेव्हा त्याच प्रश्नावर त्या बराच वेळ बोलल्या. तेव्हापासून प्रत्येक फॉर्मवर मुलाखत कोणी घेतली ते आम्ही नोंदवतो आणि दोघींना मिळालेली उत्तरं वेगवेगळी मांडून पाहतो.

समोरचा आपल्याला बाजू देतो, तशी आपली स्वतःचीही एक बाजू असते. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी १९०४ मध्येच लिहून ठेवलं, की अभ्यासाचा विषय आपण आपल्या मूल्यांवरूनच निवडतो. अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्डाल यांचं म्हणणं, की ती मूल्यं उघड सांगून टाकावीत. दोन्ही मला पटतं. जातिभेद जावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून तर मी या वस्त्यांत जाते, आणि अहवालाच्या पहिल्या पानावर तसं लिहिते.

पण सांगून टाकलं म्हणजे भागलं असं नाही. १९२०च्या दशकाअखेरीस मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होत्या. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंमधली असमानता वंशाशी जोडलेली आहे, असा फिशर यांचा कयास होता. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. तसा संबंध दिसला नाही, आणि मार्गदर्शकाला न रुचणारं असूनही त्यांनी तेच प्रबंधात मांडलं. फिशर यांचं मूल्य त्यांच्या कयासात होतं. मोजणीत मात्र त्याला जागा मिळाली नाही.

म्हणून वस्तीत पाऊल टाकण्याआधी मी दोन गोष्टी कागदावर उतरवते: मला काय खरं वाटतं, आणि कुठलं उत्तर आलं तर मी चुकले असं मानीन. दुसरी ओळ लिहिता येत नसेल, तर तो अभ्यास नव्हे, प्रचार. प्रचाराला माझा विरोध नाही. त्याला आकडेवारीचा अंगरखा घालायला आहे. ज्याला खरोखर अन्याय दूर करायचा आहे, त्याला तो नेमका कुठे आहे आणि कुठे नाही, हे दोन्ही कळायला हवं.