गंजलेली तबकडी

रत्नागिरीच्या हवेंत लोखंड फार दिवस लोखंड राहत नाहीं. चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने समुद्राचा खारा वारा! आमच्या वीस वर्षांच्या मोटारीच्या मागील ब्रेकच्या तबकड्या बदलावयाच्या झाल्या, तेव्हां या हवेचा प्रताप आम्हांस नव्यानें कळला. नवी असतांना ९ मिलिमीटर जाड असलेली ही तबकडी झिजून ८ वर आली म्हणजे काढून टाकावी, असा नियम; आमच्या तर त्याच्याहि खालीं गेल्या होत्या. घरची मंडळी याच गाडीनें आंबा घाट चढते-उतरते. काम टाळण्याजोगें नव्हतें.

एका कारखान्यांत दिवसभर घणाचे घाव घातले, पण तबकडी तसूभरहि हलली नाहीं. ‘गाडी भंगारांत द्या,’ हा सल्ला मात्र फुकट मिळाला. गाडी वडिलांनीं घेतलेली. ते गेल्यापासून आई दुसऱ्या कोणत्याहि गाडींत बसावयास तयार नसते. सल्ला आम्हीं घरीं सांगितलाच नाहीं.

मग एका वृद्ध मिस्त्र्यांकडे गेलों. त्यांनीं पुढच्या चाकांना दगड लावले, हातब्रेक सोडला आणि म्हणाले, ‘साहेब, बाहेरून मारून काय होणार? हिला आंतून धरलेलें आहे.’

अशा कित्येक गाड्यांच्या मागील तबकडीच्या मध्यभागीं टोपीसारखा फुगवटा असतो व त्याच्या पोटांत हातब्रेकचा लहानसा ड्रम दडलेला असतो. वर्षानुवर्षें घासून ड्रमला खांच पडते, कांठाशीं गंजाची कड उभी राहते आणि तबकडी ओढूं लागलें कीं आंतील लायनर त्या कडेस अडतात. दुसरी पकड हबाशीं. गंज मूळ लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळें मधली केसभर फट पाचर ठोकल्यासारखी घट्ट होते. घणानें या दोहोंपैकीं एकहि सुटत नाहीं; झालाच तर आंतल्या बेअरिंगला अपाय होतो.

मिस्त्र्यांनीं कॅलिपर सोडून तारेनें टांगला, म्हणजे त्याचा भार नळीवर नको. तबकडीचे दोन स्क्रू काढले. एका भोकांतून स्क्रूड्रायव्हर घालून आंतलें दांतेरी चाक दाणादाणानें उलट फिरविलें आणि लायनर आंत घेतले. हबाच्या कडेला थेंबथेंब तेल सोडून ते चहा प्यावयास बसले! गंजांत तेल मुरावयास वेळ लागतो, आणि तो देण्याची आमची तयारी मुळींच नव्हती. मग तबकडींतील आटे पाडलेल्या दोन भोकांत ८ मिलिमीटरचे बोल्ट घालून ते आळीपाळीनें अर्धा अर्धा फेरा आवळूं लागले. हीं भोकें याच कामासाठीं पाडलेलीं असतात हें आम्हांस वीस वर्षांत कोणीं सांगितलें नव्हतें. मध्येंच हातोडीचा एक हलका ठोका, पुन्हां अर्धा फेरा. एकाएकीं खणकन् आवाज झाला आणि तबकडी त्यांच्या हातांत आली.

जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे. म्हणून आंतली धूळ त्यांनीं फुंकली नाहीं, ओल्या फडक्यानें पुसली. हब तारेच्या ब्रशानें लखलखीत करून त्यावर ग्रीसचा पातळ हात फिरविला, नव्या तबकड्या बसविल्या आणि हातब्रेक पुन्हां जुळविला.

दुसऱ्या दिवशीं आईला घेऊन साखरप्यापर्यंत गेलों. तेथें गाडी उभी केल्यावर तिनें स्वतःच हातब्रेक ओढला व खटके मोजले. सहा. वडिलांच्या वेळीं तितकेच असत.