पासवर्ड आम्हालाही देत नाहीत

तक्रार बंद झाल्याचा मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. ‘आपकी समस्या का समाधान हो गया है.’ मी तो पुसलेला नाही. घरी कोणी आलं नव्हतं, काही दुरुस्त झालं नव्हतं, आणि ज्याने तक्रार बंद केली त्याला ती कशाबद्दल होती हेही कळलं नव्हतं.

आम्ही भिलाईजवळच्या जामुलचे. आजोबा नागपूरकडून भिलाईत आले ते 1959 मध्ये पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली त्या सुमारास. बाबांची नोकरी सिमेंटमध्ये, म्हणून घर इकडे. मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या नाट्यगीतांच्या कार्यक्रमांच्या कॅसेट बाबांनी जपून ठेवल्या होत्या. त्या मी कॉम्प्युटरवर उतरवल्या, एक सेकंडहँड डेस्कटॉप घेतला, त्यावर डेबियन 12 टाकलं, गाण्यांसाठी जेलीफिन आणि घरातल्या नावांसाठी पाय-होल. इथवर काहीच अडलं नाही. ब्राउझरमध्ये 192.168.1.50 टाकलं की गाण्यांची यादी हजर.

पण आईला आकडे टाइप करायला लावायचे नव्हते. ‘गाणी.होम.आर्पा’ असं नाव मी पाय-होलमध्ये नोंदवलं. लॅपटॉपवर ते कधी उघडायचं, कधी नाही. आईच्या फोनवर तर जवळजवळ नाहीच. आकडे टाकले की मात्र लगेच. म्हणजे सर्व्हर धडधाकट, वायफाय धडधाकट; नाव विचारलं जात होतं ते भलत्याच ठिकाणी.

लॅपटॉपवर ‘आयपीकॉन्फिग ऑल’ चालवल्यावर उलगडा झाला. नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएस सर्व्हरच्या यादीत माझ्या डेस्कटॉपच्या वर एफई80 ने सुरू होणारा एक लांबलचक पत्ता होता. तो इंटरनेट कंपनीने बसवलेल्या फायबरच्या डब्याचा. डब्याच्या बुडाशी चिकटवलेल्या लॉगिनने आत जाऊन मी डीएचसीपीमध्ये, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या सोयीत, माझा डीएनएस आधीच भरला होता, आणि डबा तो सगळ्यांना देतही होता. पण त्याच वेळी आयपीव्ही6 च्या वाटेने, राउटर जाहिरातीतून, तो स्वतःचंही नाव सांगत होता: मलाही विचारा.

इथे बहुतेक लोक फसतात, म्हणून थोडं थांबून सांगतो. दोन डीएनएस दिले की पहिल्याला ठाऊक नसेल तर उपकरण दुसऱ्याला विचारेल, असं सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही. पहिल्याने उत्तरच दिलं नाही तर दुसऱ्याला विचारतात. ‘असं नावच अस्तित्वात नाही’ हे मात्र पूर्ण उत्तर असतं, आणि उपकरण तिथेच थांबतं. डबा माझ्या घरातल्या सर्व्हरबद्दल ठामपणे सांगत होता की तो नाहीच, आणि आईचा फोन त्याच्यावर विश्वास ठेवत होता.

उपाय एका टिकचा होता: आयपीव्ही6 मधली डीएनएसची जाहिरात बंद करायची. पण ते पान बुडाच्या लॉगिनला दिसतच नाही. ते दिसतं अ‍ॅडमिनला, आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड कंपनीकडे.

फोन केला. ‘सर, नेट चल रहा है ना?’ हो, चालतंय. ‘तो फिर प्रॉब्लम क्या है?’ सांगितलं. ‘सर, आपके कंप्यूटर में दिक्कत होगी.’ पुन्हा सांगितलं, पत्ता वाचून दाखवला. डबा बंद करून चालू करायला सांगितलं, केला. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून. स्पीड टेस्टचा आकडा मागायचे, तो चांगला आला की त्यांच्या लेखी विषय संपला. पासवर्ड देऊ नका, तुमच्याकडूनच ती टिक काढा, एवढंच माझं मागणं होतं. त्यावर तो मेसेज आला.

पुढे दुसऱ्याच कामासाठी खांबावर चढलेला कंपनीचा, सुपेल्याचा एक मुलगा भेटला. त्याला घरात बोलावून डीएनएसची ती यादी दाखवली. त्याने ती नीट वाचली. इतक्या दिवसांत नीट वाचणारा तो पहिला. म्हणाला, ‘सर, आप सही बोल रहे हो. पर पासवर्ड हमको भी नहीं देते.’ राग यावा तरी कोणाचा? वीज माझी, भिंत माझी, भाडं मी भरतो, आणि माझ्या घरात कोणाला कोणत्या नावाने हाक मारायची हे ठरवणारं पान मला बघताही येत नाही. हे मला आजही पटलेलं नाही.

नावांची व्यवस्था मुळात अशी कुलपात नव्हती. 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस आखलं त्याआधी सगळ्या मशीनची नावं एका फाइलमध्ये असायची. एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळायचा. तशी होस्ट्स फाइल आजही प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये आहे. लॅपटॉपवर मी तिच्यातच एक ओळ घालून काम भागवलं. फोनमध्ये तिला हात लावता येत नाही.

नाव ठेवताना मनाला येईल ते ठेवू नका. घरगुती जाळ्यासाठी ‘होम.आर्पा’ 2018 मध्ये राखून ठेवलंय, ते घ्या. ‘.लोकल’ वेगळ्या कामाचं आहे. तिथे मशीन सगळ्या जाळ्यात ओरडून विचारतं. एकच मशीन असेल तर तेही पुरे, पण जुन्या अँड्रॉइड फोनना ते जमत नाही. आणि फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ला कोणी ठरावीक नाव भरून ठेवलं असेल, तर घरातली नावं त्याला कधीच सापडणार नाहीत. ते आधी बघा.

शेवटी मी स्वतःचा राउटर आणला, डब्याचं वायफाय बंद केलं आणि सगळं घर नव्या राउटरवर घेतलं. तो डीएनएस म्हणून फक्त माझा डेस्कटॉप सांगतो. नाव पहिल्या फटक्यात लागलं. बाबांनी संध्याकाळभर गाणी ऐकली.

मग मे महिन्याच्या वादळात लाइट गेली. दोन्ही डबे इन्व्हर्टरवर होते, डेस्कटॉप नव्हता. सर्व्हर बसला आणि त्याच्याबरोबर घरभराचं नेट गेलं, कारण आता नाव विचारायला दुसरं कोणी उरलंच नव्हतं. आई नागपूरच्या मावशीशी व्हिडिओवर बोलत होती, तो कॉल पुन्हा लागेना. मी तेव्हा कामावर होतो. बाबांनी कस्टमर केअरला फोन लावला आणि तिकडून सांगितलं की आमच्या बाजूने सगळं ठीक आहे. या वेळी ते खरं होतं.

आता शेजारचे काका मागे लागलेत की आमच्याकडेही असंच बसवून दे. मी त्यांना सांगितलं, कंपनीचा डबा आहे तसाच राहू द्या, तुम्हाला गाणी पेनड्राइव्हवर देतो. कंपनीला मात्र लेखी अर्ज करून ठेवलाय, त्या पानाच्या पासवर्डसाठी.