नेमकं काय नाही?

असरनंतर अम्मी नानांची पुस्तिका घेऊन पडवीत बसते, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. नाना म्हणजे अम्मीचे वडील. कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांतल्या पुरुषांसारखे तेही बोटीवर खलाशी होते. घरी परतल्यावर त्यांनी बोटीवरच्या दिवसांच्या आठवणी मराठीत लिहिल्या आणि गावातल्या छापखान्यातून 112 पानांची पुस्तिका छापून घेतली. खिळ्यांची छपाई, बारीक टाइप, मधेमधे कातिबाकडून लिहून घेतलेले उर्दू शेर. आता घरात एकच प्रत उरली आहे.

गेल्या पावसाळ्यात अम्मी नातीला त्यातलं वाचून दाखवत होती. पानं दमटपणानं चिकटली होती, त्यामुळे दोन पानं एकदम उलटली गेली. अम्मीचं वाचन मात्र जराही अडखळलं नाही. पुस्तकात एडन बंदराचं पान उघडं होतं आणि अम्मी सुवेझ कालव्याचं वाचत होती. नातच म्हणाली, "दादी, हे इथे नाहीये."

अम्मी वाचत नव्हतीच. तिला सगळं पाठ होतं. कधीपासून, ते तिने सांगितलं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, तोही बराच पुढे गेलेला. हा आजार बहुतेकदा दुखत नाही, लाल होत नाही. नजरेच्या कडा आधी जातात आणि माणूस मान वळवून भागवत राहतो. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखता येते. थेंब सुरू झाले. घरात हा आजार असला की मुलांनाही धोका वाढतो म्हणून आम्हा दोघा भावंडांचीही तपासणी झाली. आणि डॉक्टर म्हणाले, वाचायचं असेल तर अक्षर मोठं, ठळक, आणि उजेड भरपूर.

म्हणून पुस्तिका पुन्हा मोठ्या अक्षरांत छापायचं आम्ही ठरवलं. आमच्यातली मोठी शाळेत शिकवते, धाकटा दुकान सांभाळतो. आपाने टाइप करायला घेतलं आणि आठवड्यात सहा पानं झाली. या वेगाने चार-पाच महिने लागले असते. तेव्हा धाकट्याने सुचवलं, पानांचे फोटो काढू आणि मजकूर ओळखायचं काम यंत्राला देऊ.

या कामाचं टेसरॅक्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते 1985 ते 1994 या काळात एचपी कंपनीत तयार झालं, 2005 मध्ये त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला झाला, आणि पुढे बरीच वर्षं गूगलने त्याचा खर्च उचलला. त्याला मराठी वाचता येतं. आमच्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू 20.04 आहे. त्याच्या भांडारात टेसरॅक्टची 4.1.1 ही आवृत्ती तयार मिळत होती, एका ओळीच्या हुकमाने बसली असती. पण आम्हाला 5 हवी होती. का, तर नवी होती. यापेक्षा चांगलं कारण आमच्याकडे नव्हतं, हे आत्ताच कबूल करतो.

तयार आवृत्ती नको म्हटलं की मूळ कोड उतरवून आपल्या यंत्रावर बांधावा लागतो. त्याला कंपाइल करणं म्हणतात. तयार मसाल्याची पुडी आणण्याऐवजी घरी मसाला कुटण्यासारखंच हे. कुटायला बसल्यावर कळतं की दगडफूल संपलंय आणि खलबत्ता शेजारी दिलाय. एकही मोठं सॉफ्टवेअर एकट्याच्या जोरावर उभं नसतं. फोटो उघडणं, फाइल दाबून लहान करणं, अशी कामं ते दुसऱ्यांनी लिहिलेल्या संग्रहांकडून करून घेतं. हे संग्रह म्हणजे त्याची अवलंबनं, लिनक्सच्या भाषेत डिपेंडन्सी. त्यातलं एक नसलं तरी काम अडतं.

इशानंतर लॅपटॉप उघडला. पहिलीच आज्ञा दिली आणि पडद्यावर आलं, "समथिंग वेंट राँग, बेलिंग आउट." म्हणजे काहीतरी बिघडलंय, मी चाललो. आम्हाला हसू आलं. इतका प्रामाणिक कामगार आम्ही पाहिला नव्हता. मात्र त्या ओळीच्या जरा वर खरं कारण लिहिलेलं होतं. ऑटोकॉन्फ, ऑटोमेक आणि लिबटूल ही बांधकामाची हत्यारंच यंत्रावर नव्हती. ती बसवली.

पुढच्या पायरीला कॉन्फिगर म्हणतात. बांधायला लागणारी प्रत्येक वस्तू घरात आहे का, हे ती तपासून घेते. इथे आलेली चूक मात्र फसवी निघाली. पडद्यावर आलं की अमुक क्रमांकाच्या ओळीवर व्याकरणाची चूक आहे, "-एमएव्हीएक्स" या खुणेपाशी. आम्हाला वाटलं, उतरवलेली फाइलच खराब आहे. पुन्हा उतरवली, पुन्हा तेच. दोन रात्री गेल्या. ती व्याकरणाची चूक नव्हतीच. ऑटोकॉन्फ-आर्काइव्ह नावाचं छोटं पॅकेज नव्हतं, त्यामुळे त्यातला एक शब्द कॉन्फिगरला समजला नाही आणि तो जसाच्या तसा फाइलमध्ये राहून गेला. नसलेली वस्तू कधी कधी भलत्याच नावाने ओरडते, हे तिथे कळलं.

मग लेप्टोनिका. फोटो उघडून साफ करण्याचं काम टेसरॅक्ट या संग्रहाकडून करून घेतं. निरोप अगदी स्पष्ट होता. लेप्टोनिका 1.74 किंवा त्यापुढची हवी, लिबलेप्टोनिका-डेव्ह बसवून पाहा. पण शोध घेतला तर लेप्टोनिका यंत्रावर आधीच होती! धाकटा चिडला. "आपा, समोर दिसतंय की. आहे आणि तरी नाही म्हणतो."

हे कोडं लिनक्सवर पहिल्यांदा काही बांधणाऱ्या प्रत्येकाला पडतं, म्हणून जरा थांबून सांगतो. एकेक संग्रह दोन भागांत मिळतो. एक भाग वापरणाऱ्यांसाठी, म्हणजे शिवून तयार झालेला सदरा. दुसरा बांधणाऱ्यांसाठी, म्हणजे त्या सदऱ्याची मापं. घालणाऱ्याला मापं लागत नाहीत, म्हणून ती वेगळी ठेवलेली असतात. तसलाच दुसरा सदरा शिवायचा झाला तर शिंपी आधी मापं मागतो. उबुंटूत मापांच्या पॅकेजच्या नावापुढे "-डेव्ह" असतं, फेडोरात "-डेव्हल". "अमुक डॉट एच ही फाइल नाही" असा निरोप आला की बहुतेक वेळा सदरा घरात असतो आणि मापं नसतात. कोणती फाइल कोणत्या पॅकेजात आहे ते सांगणारं एपीटी-फाइल नावाचं साधन आहे. त्याला फाइलचं नाव दिलं की पॅकेजचं नाव मिळतं.

हे शहाणपण नंतरचं. त्या रात्री आम्ही निरोपात सांगितलेलं एक पॅकेज बसवायचं सोडून लेप्टोनिकाचाही मूळ कोड उतरवला आणि तीही घरीच बांधायला घेतली. कॉन्फिगरच्या ओळी धबधब्यासारख्या खाली गेल्या. कुठेही आरडाओरडा नाही. लेप्टोनिका बांधून झाली आणि टेसरॅक्टने तिला बिनतक्रार पसरवलेल्या हातांनी घेतलं. जाता जाता एवढंच म्हणाला की प्रशिक्षणाची साधनं बांधली जाणार नाहीत, त्यांचे संग्रह मिळाले नाहीत. आम्हाला यंत्राला नवी लिपी शिकवायची नव्हती, तेव्हा ते सोडून दिलं, आणि ते बरोबरच होतं. प्रत्येक "नाही"च्या मागे धावायचं नसतं.

पहाटेपर्यंत लॅपटॉपचा पंखा गरगरत होता. बांधकाम संपलं आणि टेसरॅक्ट चालवलं, तर लिबटेसरॅक्टची फाइल सापडत नाही म्हणे. स्वतः नुकतीच बांधलेली फाइल! नवी वस्तू कुठे ठेवली, याची नोंद यंत्राच्या वहीत झाली नव्हती. एलडीकॉन्फिग ही आज्ञा ती नोंद करते. कॉन्फिगरने शेवटी तीन आज्ञा लिहून दिल्या होत्या, त्यांतली तिसरी हीच होती. आम्ही दोनच वाचल्या होत्या. ती दिली, तर मराठी भाषेची फाइल नाही. मूळ कोडाबरोबर भाषा येत नाहीत. त्या वेगळ्या उतरवून टेसडेटा नावाच्या फोल्डरमध्ये ठेवाव्या लागतात. ठेवल्या.

एवढं सगळं झाल्यावर नानांच्या पहिल्या पानाचा फोटो दिला. उत्तर आलं की जेपेग वाचण्याचं फंक्शन हजर नाही.

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. जेपेग म्हणजे मोबाइलवर काढलेला कुठलाही साधा फोटो. फोटो वाचण्यासाठीच बांधलेल्या सॉफ्टवेअरला फोटो उघडता येत नव्हता, आणि बांधताना एका शब्दानेही कोणी अडवलं नव्हतं. आपाने लेप्टोनिकाच्या कॉन्फिगरची नोंदफाइल उघडली आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली. तिथे होतं. जेपेग, नाही. पीएनजी, नाही. टिफ, नाही. लेप्टोनिकाच्या लेखी हे संग्रह ऐच्छिक आहेत. मिळाले तर जोडून घेते, नाही मिळाले तर त्यांच्यावाचून स्वतःला बांधते आणि काम झालं म्हणून सांगते. ओरडणारी चूक आम्ही तीन-तीन वेळा वाचली होती. ही हळू आवाजात म्हटलेली "नाही" शेकडो ओळींत निघून गेली.

अम्मी पाणी प्यायला उठली होती. "अजून जागे? काय झालं?" आम्ही म्हटलं, "अम्मी, याला फोटो दिसत नाहीत, आणि यानं ते सांगितलंच नाही." ती हसली. "विचारलं का तुम्ही त्याला?" म्हणाली आणि भिंतीला हात लावत आत गेली. भिंतीला हात लावत ती किती दिवस चालते आहे, हे आम्हालाही आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी लिबजेपेग-डेव्ह, लिबपीएनजी-डेव्ह, लिबटिफ-डेव्ह आणि झेडलिबचं डेव्ह पॅकेज बसवलं. नुसतं बसवून उपयोग नसतो, कारण आधी बांधलेली लेप्टोनिका आपोआप बदलत नाही. जुनं बांधकाम साफ केलं, कॉन्फिगर पुन्हा चालवलं, आणि या वेळी पुढे जायच्या आधी "नाही" असलेल्या सगळ्या ओळी कागदावर उतरवून काढल्या. खात्री करायचा सोपा मार्गही सापडला. टेसरॅक्टला त्याची आवृत्ती विचारली की लेप्टोनिकाच्या नावाखाली तिला जोडलेल्या संग्रहांची यादी येते. यादीत जेपेग दिसलं तेव्हा धाकट्याच्या तोंडून मोठ्याने "अल्हम्दुलिल्लाह" निघालं आणि शेजारच्या खाला विचारायला आल्या, कुणाचा निकाल लागला?

ज्यांना हेच करायचं असेल त्यांच्यासाठी आणखी एक. भांडारात असलेल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बांधायची असेल, तर सॉफ्टवेअर अँड अपडेट्समध्ये सोर्स कोडची खूण करायची आणि एपीटीला बिल्ड-डेप ही आज्ञा सॉफ्टवेअरच्या नावासह द्यायची. जुन्या आवृत्तीला लागलेली सगळी बांधणी-पॅकेजं एका फटक्यात येतात, आणि नव्या आवृत्तीलाही बहुतेक तीच लागतात. आमच्या चार रात्री वाचल्या असत्या.

खरं तर त्याहून जास्त वाचल्या असत्या. नंतर उत्सुकतेने आम्ही 4.1.1 वरही काही पानं चालवून पाहिली. आमच्या पानांवर फरक फार दिसला नाही. फरक पडला तो फोटो नीट काढल्यावर. पान काचेखाली सपाट केलं, खिडकीच्या उजेडात धरलं, सावली पडू दिली नाही, तेव्हा चुका निम्म्याहून कमी झाल्या. तरी खिळ्यांच्या छपाईतला तुटका रफार आणि जोडाक्षरं यंत्राला जड गेली. "खलाशी"चा "रवलाशी" तर पानोपानी होत होता. उर्दू शेरांपुढे त्याने पूर्ण हात टेकले. उर्दूची फाइल दिली होती, पण कातिबाच्या हाताची, तिरकी उतरत जाणारी नस्तालीक त्याला उलगडली नाही.

ते शेर अम्मीने सांगितले. पुस्तिका न उघडता, एकामागून एक, आणि आपाने लिहून घेतले. प्रत्येक शेर कोणत्या पानावर, वर की खाली, हेही तिला ठाऊक होतं.

रमजानच्या आधी पुस्तिका छापून झाली. 26 पॉइंटचं ठळक अक्षर, पिवळसर कागद, 112 पानांची तीनशेवर पानं झाली, म्हणून दोन भाग. अम्मीने पहिला भाग उजेडात धरला, बोट ठेवून सावकाश ओळीओळीने वाचत गेली. पाचव्या पानावर थांबली.

"इथे 'रवलाशी' राहिलंय," ती म्हणाली.