पापणी लवेपर्यंत जिनिव्हाला!



सुट्टी लागली की तुम्ही मामाच्या गावाला जाता, कुणी कोकणात जातं, कुणी देवदर्शनाला. आज आपण जरा लांब जाऊ. थेट स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरी! तिकीट नको, पासपोर्ट नको, स्वेटरसुद्धा नको. कारण आपण स्वतः जाणारच नाही. आपण तिकडे एक विनंती पाठवायची आणि तिच्या मागोमाग नकाशावर बोट फिरवत जायचं. तेव्हा ॲटलास उघडून बसा बघू.

विनंती कसली? संगणकावर तुम्ही एखादं पान उघडता, तेव्हा तुमचा संगणक दूरच्या एका संगणकाला सांगतो, "मला अमुक पान द्या." याला म्हणतात रिक्वेस्ट. ज्याच्याकडे मागायचं तो संगणक म्हणजे सर्व्हर. आपल्या पंगतीतला वाढपीच म्हणा ना! मागितलं की वाढायचं, एवढंच त्याचं काम. एरवी आपल्यासाठी हे मागणं ब्राउझर मागतो. पण प्रोग्रॅम लिहून तुम्ही स्वतःही मागू शकता.

पत्र लिहून देणारा मदतनीस

मागण्याचे नियम मात्र ठरलेले आहेत. त्या नियमांना एचटीटीपी म्हणतात. कोणता शब्द आधी, पत्ता कुठे, ओळ कुठे संपवायची, सगळं काटेकोर. मग नवशिक्याने काय करायचं?

मुंबईच्या मोठ्या पोस्टाबाहेर, कबुतरखान्यापाशी, वर्षानुवर्षं पत्रलेखक बसत. गावाहून आलेला एखादा कामगार त्यांना म्हणे, "आईला कळवा, मी बरा आहे, पैसे पाठवतोय." बस्स! मायना, मजकूर, पत्ता, मनीऑर्डरचा फॉर्म, सगळं तो पत्रलेखक नीट लिहून देई.

प्रोग्रॅमच्या जगात हेच काम 'लायब्ररी' करते. ही पुस्तकांची लायब्ररी नव्हे बरं का! दुसऱ्या कुणीतरी लिहून, तपासून ठेवलेल्या तयार प्रोग्रॅमचा हा संच असतो. पायथन या भाषेसाठी 'रिक्वेस्ट्स' नावाची अशी लायब्ररी केनेथ राइट्झ यांनी २०११ साली लोकांपुढे ठेवली. ती वापरून पान मागवायला तीन ओळी पुरतात. पहिली, इम्पोर्ट रिक्वेस्ट्स, म्हणजे मदतनिसाला हाक मारणं. दुसऱ्या ओळीत 'रिक्वेस्ट्स डॉट गेट' लिहून कंसात पत्ता द्यायचा आणि येणारं उत्तर एका नावात साठवायचं. तिसऱ्या ओळीत ते छापायचं. संगणकावर हे सगळं रोमन अक्षरांत लिहायचं असतं.

आपण पत्ता देऊ, इन्फो डॉट सर्न डॉट सीएच. यातलं 'सीएच' म्हणजे स्वित्झर्लंड. त्या देशाचं लॅटिन नाव कॉन्फेडेरेशियो हेल्व्हेटिका, त्याची ही आद्याक्षरं.

समुद्राच्या तळावरून

समजा, तुमचा संगणक मुंबईत आहे. बटण दाबलं की आधी त्या नावाचा नंबर शोधला जातो, जसा आपण फोनच्या वहीत शोधतो. मग विनंती निघते. पुष्कळांना वाटतं, ती उपग्रहामार्फत आकाशातून जाते. पण देशोदेशींचा बहुतेक कारभार समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारांमधून चालतो. खोल समुद्रात ही तार बागेत पाणी घालायच्या नळीएवढीच जाड असते. तिच्या पोटात केसासारखे बारीक काचेचे तंतू, आणि त्यांतून धावतो प्रकाश. अशा कितीतरी तारा मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येऊन लागतात.

विनंतीला वाटा अनेक असतात. त्यांतली एक पाहू. आता बोट ठेवा मुंबईवर. अरबी समुद्र ओलांडा, तांबड्या समुद्रात शिरा, इजिप्तच्या जमिनीवरून भूमध्य समुद्रात उतरा आणि फ्रान्सच्या मार्से बंदराला लागा. मार्सेजवळ रोन नदी समुद्राला मिळते. तिच्या काठाने उलट वर वर जा. कुठे पोचलात? जिनिव्हा सरोवरापाशी! बरोबर ना?

मुंबई ते जिनिव्हा सरळ अंतर सुमारे ६,७०० किलोमीटर. तारेचा रस्ता त्याहून वळणावळणाचा. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणून जाऊन येऊन सेकंदाचा काही भागच लागतो. पण वाट कितीही वेगवान असली तरी ती खरीखुरी वाट आहे, ती तुटूही शकते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन तारा तुटल्या आणि इकडे भारतात इंटरनेट मंदावलं.

'यंत्र बंद करू नका!'

आपण पोचलो सर्नमध्ये. १९५४ साली स्थापन झालेली ही विज्ञानसंस्था जिनिव्हाजवळ, स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर पसरली आहे. जमिनीखाली सुमारे शंभर मीटरवर २७ किलोमीटर घेराचा गोल बोगदा आहे. त्यात अणूहूनही सूक्ष्म कण एकमेकांवर आदळवतात. आवारात एक ओळखीची मूर्तीही भेटेल, नटराजाची! भारताने भेट दिलेल्या या मूर्तीचं अनावरण १८ जून २००४ रोजी झालं. आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञही इथल्या प्रयोगांत भाग घेतात.

देशोदेशींच्या या शास्त्रज्ञांचे संगणक निरनिराळ्या जातींचे. एकाची माहिती दुसऱ्यावर उघडायची नाही. त्यावर उपाय म्हणून टिम बर्नर्स-ली या इंग्रज तरुणाने मार्च १९८९ मध्ये एक योजना लिहून दिली. १९९० संपता संपता जगातला पहिला वेब सर्व्हर इथे चालू झाला. 'नेक्स्ट' नावाचा एक काळा संगणक होता तो. त्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती. तिचा अर्थ असा की, हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नका! कुणी सहज बटण दाबलं असतं, तर तेव्हाचं अवघं वेबच विझलं असतं.

त्या काळची विनंती म्हणजे फक्त एक ओळ होती, 'गेट' हा शब्द आणि पुढे पानाचा पत्ता. पुढे बर्नर्स-ली आणि जाँ-फ्रान्स्वा ग्रॉफ यांनी विनंत्या पाठवण्याचं काम करणारे प्रोग्रॅमचे भाग वेगळे काढले आणि कुणालाही वापरता येईल अशी लायब्ररी तयार केली. आजच्या 'रिक्वेस्ट्स'ची ही पणजीच म्हणा ना! ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने सर्व्हर, साधा ब्राउझर आणि ही लायब्ररी, तिन्ही गोष्टी जगाला मोफत देऊन टाकल्या. ना परवाना, ना पैसे. म्हणून आज तुम्हाला-मला पान मागताना कुणाची फी भरावी लागत नाही.

उत्तर आलं!

तुमच्या पडद्यावर २०० हा आकडा आला, तर समजा, मागणी मान्य! बरोबर एक छोटंसं पान येईल. त्यावरून जगातली पहिली वेबसाइट बघता येते. सर्नने ती २०१३ साली जुन्याच पत्त्यावर पुन्हा मांडली आहे. आकडा ४०४ आला, तर तुम्ही मागितलेलं पान तिथे नाही. चारने सुरू होणारे आकडे बहुधा मागणाऱ्याची चूक दाखवतात, पाचने सुरू होणारे सर्व्हरची अडचण.

आता नीट ऐका. दहावीच्या निकालाच्या दिवशी पान उघडता उघडत नाही, हे ताई-दादांनी सांगितलं असेल. लाखो जण एकदम मागतात आणि वाढपी थकतो. पण तुमच्या प्रोग्रॅममध्ये 'हेच पुन्हा पुन्हा कर' अशी एक ओळ घातलीत, तर तुम्ही एकटेच अशी गर्दी करू शकता! एखाद्या लहान ग्रंथालयाचा किंवा शाळेचा सर्व्हर त्याने कोलमडेल आणि ज्याला खरोखर पान हवंय तो ताटकळेल. म्हणून हे नियम पाळा:

१. आधी सर्व्हरवरची 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' ही पाटी वाचा. प्रोग्रॅमने कुठे जावं, कुठे नाही, हे त्यावर लिहिलेलं असतं. मार्टाइन कोस्टर यांनी ही पद्धत १९९४ साली सुचवली.

२. दोन विनंत्यांमध्ये काही सेकंद थांबा.

३. एकदा आलेलं पान जपून ठेवा, तेच पुन्हा मागू नका.

४. किती वेळ वाट पाहायची ते 'टाइमआउट' लिहून ठरवा. नाहीतर 'रिक्वेस्ट्स' बापडी उत्तराची वाट पाहत बसून राहते.

५. ४२९ आकडा आला की लगेच थांबा. 'तुम्ही फार वेळा मागताय' असा त्याचा अर्थ.

६. आपलं नाव, पत्ता, पासवर्ड विनंतीत घालू नका. घालावाच लागला, तर आधी आई-बाबांना विचारा.

आई-बाबांनो, पहिल्यांदा मुलांच्या शेजारी बसा. त्या तीन ओळींना अर्धा तास पुरे. आणि मुलांनो, २०० आकडा दिसला की वहीत मुंबई ते जिनिव्हा नकाशा काढा, वाटेतल्या समुद्रांची नावं लिहा आणि वर्गात बाईंना दाखवा.