अंधारातला बझर

मुलगा स्वीडनच्या अगदी उत्तरेला, किरुना गावी नोकरीला आहे. डिसेंबरात तिथे काही आठवडे सूर्य उगवतच नाही. सून धारवाडची, उन्हात वाढलेली. त्या अंधारात तिचं बोलणंच आटलं होतं. मी गेलो तेव्हा ती दाराबाहेरही पडेना.

हिरवा ध्रुवप्रकाश पाहायला रात्रभर कोण जागणार? म्हणून नातवाने आणि मी एक यंत्र केलं. बाटलीत दोऱ्याने चुंबकपट्टी टांगली, तिला छोटा आरसा चिकटवला. आरशावर लेझर सोडला. त्याचा ठिपका ३ मीटरवरच्या भिंतीवर, सेन्सरवर पडे. ठिपका सरकला की बझर वाजे. सूर्याकडून आलेल्या कणांमुळे सुमारे १०० किलोमीटर उंचीवर वीजप्रवाह वाढतो आणि खाली चुंबक हलतं. ते अर्धा अंश वळलं तरी ठिपका ५ सेंटीमीटर सरकतो. ध्रुवप्रकाश दिसताना होकायंत्राची सुई हलते, हे स्वीडनमध्येच, उप्सालाला, सेल्सिअस आणि ह्योर्टर यांनी १७४१ मध्ये टिपलं होतं.

आभाळ भरलेलं असलं तर बझर वाजूनही काही दिसत नाही. यंत्र एवढंच सांगतं, बाहेर येऊन बघा. चौथ्या रात्री तो वाजला, तेव्हा सूनच आधी धावली. बर्फातून हाक आली, "मामा, बर्री, नोड्री!" कितीतरी दिवसांनी तिचा आवाज असा मोकळा ऐकला.

बेळगावला परतताना यंत्र तिथेच ठेवलं. आता फोन आला की तिचा पहिला विषय ठरलेला: काल बझर किती वाजता वाजला!